आकडा शहाण्णव, रक्त काळं

मी डॉक्टर नाही. मी ओटीतला पोरगा. पुण्यातल्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरचा टेक्निशियन. भुलीच्या मशीनच्या नळ्या जोडायच्या, ऑक्सिजनचे सिलिंडर बघायचे, मॉनिटरच्या वायरी लावायच्या आणि टेबलावरच्या माणसाच्या बोटाला लाल दिव्याची ती क्लिप अडकवायची, हे माझं काम. गाव यवत, तालुका दौंड. या विषयावर लिहायला मला कुणी बोलावलेलं नाही आणि बोलावणारही नाही. ज्यांना परिषदांना बोलावतात, ज्यांच्या गळ्यात हार पडतात, ते तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेत. म्हणून मी लिहितोय. भाषा खडबडीत वाटली तर वाटू द्या.

२०२२ चा पावसाळा. आयच्या पित्ताशयात खडे झाले. आमची आय काळी. सावळी नाही, गव्हाळ नाही, लग्नाच्या जाहिरातीतली 'निमगोरी' तर नाहीच नाही. काळी. जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपलं, गुऱ्हाळावर भर उन्हात चिपाडं पसरली, ऊन अंगात मुरवलं. बहिणीच्या लग्नातला तिचा फोटो स्टुडिओवाल्यानं न सांगता उजळून दिला होता. आय फोटो हातात घेऊन म्हणाली, ''ही कोण रं बाई?'' आम्ही हसलो. तेव्हा हसलो.

ऑपरेशन हायवेच्या कडेच्या एका खाजगी दवाखान्यात. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की भांडण त्या एका पाटीशी होतं आणि बाकीच्या हजार पाट्या सुटतात. मी फील्डातला म्हणून मला आत उभं राहू दिलं. दुर्बिणीचं ऑपरेशन. पूर्ण भूल, तोंडातून श्वासनळीत नळी, पोटात गॅस भरलेला. अर्धा तास झाला असेल. सर्जन स्क्रीनवर बघत म्हणाले, ''रक्त जरा काळपट दिसतंय. सॅच्युरेशन किती?''

भूलतज्ज्ञांनी मॉनिटरकडे मान वळवली. ''शहाण्णव. ओके आहे.''

''मग ठीक.''

झालं. एवढंच बोलणं. ज्या रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो ते लालभडक दिसतं, ज्यात कमी असतो ते काळपट पडतं, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरीलाही माहीत असतं. सर्जनच्या डोळ्याला ते दिसलं होतं. डोळा खरं सांगत होता. पण डोळ्याला आकड्यानं गप्प केलं. आणि मी? मी आयच्या डोक्याशी उभा होतो. मी तिचे ओठ उघडून बघितले नाहीत, जीभ बघितली नाही. मीही मान वर करून शहाण्णव वाचलं आणि गप्प उभा राहिलो.

भूल उतरली. आय कॉटवर तळमळायला लागली. ''गुदमारतंय रं बाळा.'' सिस्टर म्हणाली, ''मावशी, पंच्याण्णव आहे तुमचं सॅच्युरेशन. काही झालं नाही. पडून राहा.'' डॉक्टर येऊन मॉनिटर बघून गेले. आयकडे बघितलं नाही. जाता जाता मला म्हणाले, ''घाबरलीये. ही माणसं जरा जास्तच घाबरतात.'' ही माणसं! मी 'होय सर' म्हणालो. मग आयकडे वळून काय म्हणालो ते ऐका. म्हणालो, ''आय, मशीन बरोबर सांगतंय. गप पड.''

हे वाक्य माझं आहे. कुठल्या सवर्ण डॉक्टरचं नाही. ते लपवून मला हा लेख लिहिता येणार नाही.

रात्री अकराला तिला पुण्याला हलवलं. तिथं मनगटाच्या धमनीतून रक्त काढून तपासलं. त्याला एबीजी म्हणतात. रक्तातला खरा ऑक्सिजन तीच तपासणी सांगते. त्या क्षणी मॉनिटरवर आकडा होता चौऱ्याण्णव. रक्तात निघाले पंच्याऐंशी. नऊचा फरक! डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग बसला होता. पोटात गॅस भरताना श्वासनळीतली नळी खाली उजव्या बाजूला सरकली असावी, असं तिथले डॉक्टर म्हणाले. चार दिवस तोंडावर घट्ट मास्क. आय जगली. आज घरात चालते-फिरते, पण भुलेश्वरचा चढ अर्ध्यात सोडते आणि दगडावर बसते.

आता एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर उद्या कुणीतरी शहाणा कागद घेऊन येईल. आयचा आकडा निव्वळ कातडीच्या रंगामुळे चुकला असं मी शपथेवर सांगणार नाही. तिचे हात गार पडले होते. बीपी खाली होतं. बोट गार असलं, रक्त नीट खेळत नसलं, नखाला रंग असला, बोटाला मेंदी असली, पेशंट हलला, त्याच हाताला बीपीचा पट्टा बांधलेला असला, तरी ही क्लिप चुकते. ऑपरेशनमध्ये मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग शिरेत दिला तर चांगल्या माणसाचाही आकडा धाडकन कोसळतो. धुरात घुसमटलेल्या माणसाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड भरलेला असतो, तरी ही क्लिप त्याला ऑक्सिजन समजून छान छान आकडा दाखवते. हे सगळं पुस्तकात आहे. परीक्षेला विचारतात. माझं म्हणणं इतकंच की या यादीत कातडीचा रंगही आहे, आणि तो प्रश्न मला माझ्या कोर्समध्ये कुणी विचारला नाही, वर्गात कुणी उच्चारला नाही. नखाच्या लाल रंगावर सगळे बोलले. माणसाच्या काळ्या रंगावर कुणी चकार शब्द काढला नाही.

मशीन काम कसं करतं ते समजून घ्या. समजून न घेता शिव्या देणं हा आपला धंदा नाही. क्लिपमध्ये दोन दिवे. एक लाल, ६६० नॅनोमीटरचा. दुसरा डोळ्याला न दिसणारा, ९४० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड. बोटाच्या पलीकडे प्रकाश मोजणारा डोळा. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश जाऊ देतं आणि इन्फ्रारेड जास्त पितं. ऑक्सिजन नसलेलं त्याच्या उलट. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला रक्त येतं-जातं, तेवढा बदलणारा भाग मशीन वेगळा काढतं आणि दोन्ही प्रकाशांचं गुणोत्तर मांडतं. जपानच्या ताकुओ आओयागी या इंजिनिअरची ही कल्पना, साल १९७४. माणूस अफाट. त्याच्यामुळे टेबलावर मरता मरता वाचलेली माणसं जगभर आहेत.

पण गुणोत्तर म्हणजे टक्का नव्हे. गुणोत्तराचा टक्का करायला मशीनच्या पोटात एक तक्ता असतो. हा तक्ता वरून पडत नाही. धडधाकट माणसं प्रयोगशाळेत निजवतात, त्यांना कमी कमी ऑक्सिजनची हवा देतात, प्रत्येक पायरीवर धमनीतलं रक्त काढतात आणि क्लिपचं गुणोत्तर त्याच्याशी जुळवतात. सत्तर टक्क्यांच्या खाली कुणाला नेत नाहीत, जीव जाईल म्हणून. म्हणजे मशीनमधला आकडा हा कुणाच्या तरी बोटाच्या आठवणीवर बोलत असतो. मग साधा प्रश्न. ते बोट कुणाचं होतं?

अमेरिकेच्या एफडीएनं २०१३ साली कंपन्यांना सांगितलं होतं की चाचणीत निदान १० माणसं घ्या, आणि त्यात गडद कातडीची निदान २ किंवा एकूण माणसांच्या १५ टक्के, यातला जो आकडा मोठा असेल तेवढी. दहात दोन! म्हणजे पंगतीच्या शेवटी वाढायचं उरलंसुरलं. जगातली बहुसंख्य माणसं गडद आहेत आणि जगाचं माप काढताना त्यांना दोन खुर्च्या. २०२५ च्या जानेवारीत एफडीएनं नवा मसुदा काढला, त्यात १५० किंवा जास्त माणसांवर चाचणी करा आणि कातडीचे सगळे रंग घ्या, असं सुचवलंय. अक्कल आली म्हणायची. पण दहावरून दीडशेवर यायला किती माणसं टेबलावर गेली, याचा हिशेब कुठल्या मसुद्यात नाही.

कुणी म्हणेल, हे आधी कुणाला ठाऊक नव्हतं. खोटं! १९९० साली जुब्रान आणि टोबिन यांनी श्वासाच्या मशीनवरच्या पेशंटांवर अभ्यास छापला. काळ्या पेशंटांमध्ये क्लिप जास्त चुकते, असं त्यात स्वच्छ आहे. २००५ साली बिकलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ऑक्सिजन जितका खाली उतरतो तितकी गडद कातडीवर क्लिप जास्त फुगवून सांगते. नीट ऐका. फुगवून. म्हणजे आजार नसताना धोक्याची घंटा वाजत नाही, धोका असताना घंटा गप्प बसते. २०२० च्या डिसेंबरात मिशिगनच्या डॉक्टरांनी १०,७८९ जोड्या तपासल्या, क्लिपचा आकडा आणि त्याच वेळचं धमनीतलं रक्त. क्लिप ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात खरा ऑक्सिजन ८८ च्या खाली, असं गोऱ्या पेशंटांच्या मोजण्यांत ३.६ टक्के वेळा निघालं. काळ्यांच्या मोजण्यांत ११.७ टक्के वेळा. तिप्पट! २०२२ साली ऑपरेशन टेबलावरच्या पेशंटांचाही असाच हिशेब न्यूयॉर्कमध्ये झाला. भूल दिलेली, तोंडात नळी असलेली, 'गुदमरतंय' म्हणायचीही सोय नसलेली माणसं. तिथंही हा लपलेला तुटवडा गोऱ्यांपेक्षा काळ्यांमध्ये आणि हिस्पॅनिकांमध्ये जास्त. त्याच साली कोविडच्या पेशंटांवरचा अभ्यास आला. त्यात आशियाई पेशंटांचाही आकडा गोऱ्यांच्या तुलनेत फुगलेला निघाला. आशियाई म्हणजे कोण ते समजून घ्या. इंग्लंडच्या सरकारनं नेमलेल्या समितीनंही २०२४ मध्ये हा दोष मान्य केला.

म्हणजे १९९० पासून छापलेलं आहे. तीस वर्षं कागदावर पडून होतं. गोऱ्या माणसाचं बोट जर असं चुकत असतं, तर तीस वर्षं लागली असती? तीस महिनेही लागले नसते.

हे वाचताना मला एक जुनी गोष्ट सारखी आठवत होती. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये नोंदवून ठेवलेली. १९२९ साल, काठेवाड. अस्पृश्य शाळामास्तरची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. सवर्ण डॉक्टर यायला तयार झाला, पण अट अशी की वस्तीत येणार नाही. बाईला बाहेर आणायची. बाईला बाहेर आणली. डॉक्टरनं थर्मामीटर काढलं आणि एका मुसलमानाच्या हातात दिलं. त्यानं ते मास्तरला दिलं, मास्तरनं बायकोला. त्याच वाटेनं ते परत गेलं. डॉक्टरनं लांबून काच बघितली, न्यूमोनिया सांगितला, औषध धाडलं आणि पुढं यायला नकार दिला. बाई मेली.

थर्मामीटर खोटं बोललं नव्हतं. ताप खराच होता. पण थर्मामीटर कशासाठी वापरलं गेलं? हात लागू नये म्हणून. मशीन मध्ये ठेवलं की माणसाला शिवावं लागत नाही, छातीला कान लावावा लागत नाही, बाई काय सांगतेय ते ऐकावं लागत नाही. आता विटाळ कुणी बोलून दाखवत नाही. डॉक्टर हातमोजे घालून आपल्याला शिवतो, पोट फाडतो, शिवतो. कबूल. पण ऐकणं? आयच्या शब्दाची किंमत त्या खोलीत किती होती? शहाण्णवच्या आकड्यापुढे शून्य. काठेवाडच्या डॉक्टरच्या आणि बाईच्या मध्ये एक काच होती. आयच्या आणि डॉक्टरच्या मध्ये एक क्लिप होती. त्या काचेनं निदान खरा ताप दाखवला होता. या क्लिपनं तेवढंही केलं नाही.

आता आपल्याच गोटातल्या काहींशी भांडण. एक दोस्त हा सगळा तपशील ऐकून खूश झाला. म्हणाला, ''बघ, काळा म्हणजे दलित, गोरा म्हणजे ब्राह्मण. मशीनसुद्धा ब्राह्मणी!'' थांब बाबा. हे गणित आपलं नाही. जात ही वंशावर उभी आहे, रंगावर उभी आहे, ही थापच बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये उखडून फेकली होती. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच मातीचे, हे त्यांनी सांगितलंय. माझ्या ओटीत काळा ब्राह्मण टेबलावर येतो आणि गोरा मांगही येतो. क्लिप जातीचा दाखला मागत नाही. ती फक्त मेलॅनिन बघते. अमेरिकेच्या अभ्यासातही कातडीचा रंग कुणी मोजला नव्हता, माणसानं स्वतःचा जो वंश सांगितला तो धरला होता. तेव्हा त्यांचा तिप्पट आकडा उचलून जसाच्या तसा आपल्या वस्तीला चिकटवू नका. लबाडी होईल.

जात येते ती क्लिप चुकल्यानंतर. काळ्या वकिलाचं सॅच्युरेशन चुकलं आणि तो म्हणाला 'श्वास लागतोय', तर डॉक्टर धावतात, एबीजी काढतात, छातीचा फोटो काढतात, मोठ्या साहेबाला फोन लावतात. खुरपणाऱ्या काळ्या बाईचं चुकलं आणि ती म्हणाली 'गुदमारतंय', तर 'ही माणसं घाबरतात'. चूक दोघांचीही होते. दुरुस्ती एकाचीच होते. आणि दुरुस्तीचं मशीन कुठं असतं? एबीजीचं यंत्र पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात असतं. हायवेच्या कडेला ज्या दवाखान्यात आम्ही परवडतं म्हणून जातो, तिथं फक्त क्लिप होती. ज्याच्यावर क्लिप जास्त चुकायची शक्यता, त्याच्याकडेच क्लिपशिवाय दुसरं काही नाही. हा आहे मुद्दा. कातडीचा रंग निसर्गानं दिला. न ऐकण्याची सवय व्यवस्थेनं दिली.

दर वर्षी आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी आमच्या यवतला मुक्कामाला असते. काळभैरवनाथाच्या देवळात. गाव पिठलं-भाकरी करतं, वारकरी पोटभर जेवतात. सगळे चाललेले असतात एका काळ्या देवाच्या पायाशी. काळा विठोबा, काळा भैरवनाथ. दगड काळा असला की डोकं टेकायचं. बाई काळी असली की तिचा फोटो उजळायचा आणि तिचा श्वासही उजळून दाखवायचा. फोटोतली आय गोरी, मॉनिटरवरची आय ठणठणीत. खरी आय मात्र कॉटवर तडफडतेय.

पांढरपेशांचा युक्तिवाद ठरलेला. कँटीनमध्ये एका तरुण डॉक्टरनं मला ऐकवला. ''अरे, प्रकाशाला जात नसते. फिजिक्स आहे ते.'' बरोबर, साहेब. प्रकाशाला जात नसते. पण तक्ता करणाऱ्याला डोळे असतात, आणि दहा माणसं निवडताना ते डोळे कुणाकडे वळतात हे फिजिक्स ठरवत नाही. दुसरा म्हणाला, ''आपल्याकडे सगळेच सावळे. आपल्याला काय फरक पडतो?'' वा रे वा! सगळेच सावळे असतील तर चूक सगळ्यांच्याच बोटावर बसलीय. मग तर साऱ्या देशानं बोंब मारायला हवी होती. तिसरा म्हणाला, ''दोन-तीन टक्क्यांची चूक असते, एवढं काय?'' एवढं काय ते सांगतो. चांगल्या मशीनचंही काम असंच चालतं की शंभरातल्या साधारण दोन तृतीयांश वेळा आकडा खऱ्याच्या दोन-तीन टक्के इकडे-तिकडे असतो, उरलेल्या वेळी त्याच्याही बाहेर. एफडीएच सांगते की क्लिप ९० दाखवत असेल तर खरा आकडा ८६ ते ९४ यातला काहीही असू शकतो. २०२० च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' म्हणत आशाताई दारोदार क्लिप घेऊन फिरल्या. ऊन-पाऊस, रोग, कशाची पर्वा केली नाही. पंच्याण्णवच्या खाली आला त्याला पुढं धाडायचं. आता सांगा, ज्याचा खरा आकडा ९२ आणि क्लिप सांगतेय ९५, तो कुठं गेला? घरात झोपला. आशाताईचा दोष नाही. तिच्या हातात दिलेल्या मापाचा आहे.

आणि आकडा अगदी खरा असला तरी पुरतो का? सॅच्युरेशन म्हणजे टक्का. कशाचा टक्का? जेवढं हिमोग्लोबिन आहे, त्यातलं किती भरलं, याचा. यवतहून पुण्याला जाणाऱ्यांना कळेल असं सांगतो. दौंडहून येणाऱ्या गाडीला बारा डबे असताना सगळी बाकं भरली तरी गाडी शंभर टक्के भरलेली. सहाच डबे जोडले आणि सगळी बाकं भरली तरी शंभर टक्केच. पोचलेली माणसं मात्र निम्मी. आपल्या वस्तीतल्या बायकांचं हिमोग्लोबिन सहा-सात असतं हे मी रोज केसपेपरवर वाचतो. त्यांच्या बोटाला क्लिप ९९ दाखवते. डबेच निम्मे जोडलेत, हे क्लिप सांगत नाही. मॉनिटरवरच्या ९९ ला भुलून 'ऑक्सिजन उत्तम' म्हणणारा माणूस त्या बाईच्या आयुष्यभराच्या उपासमारीवर पांघरूण घालतो.

यातच सिकलसेल. विदर्भातल्या आपल्या वस्त्यांत आणि आदिवासी पाड्यांवर हा रक्ताचा रोग घर करून आहे. १९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी, शुक्ला आणि सोळंकी यांनी, तो नोंदवला. या रोगात ऑक्सिजन कमी झाला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, शिरा तुंबतात, हाडात कळा उठतात. म्हणजे भूल देताना ज्याचा ऑक्सिजन क्षणभरही पडू द्यायचा नाही असा हा पेशंट. आणि याच्या हिमोग्लोबिनची जातच वेगळी असल्यानं याच्याच बोटावर क्लिपचा भरवसा कमी! २०२३ च्या जुलैत केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाची मोहीम काढली. चांगलं झालं. पण तपासणीचं कार्ड हातात देऊन भागत नाही. तो माणूस उद्या टेबलावर येईल तेव्हा त्याच्या बोटावरचा आकडा कोण पारखणार?

१९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी अमेरिकेतल्या काळ्या पोरांचं नाव उचललं. पँथर. नाव उचललं, गर्जना उचलली. पण त्या ब्लॅक पँथरनं आणखी काय केलं होतं? स्वतःचे फुकट दवाखाने काढले होते. वस्तीत जाऊन सिकलसेलची तपासणी केली होती. सरकार बघत नाही ना, मग आमचं रक्त आम्ही बघतो, म्हणत. मोजमाप हातात घेणं हाही विद्रोह असतो, हे त्यांना कळलं होतं. आपल्याला भाषणं पाठ झाली. सुई हातात धरायची राहिली.

म्हणून 'मशीन फोडा' म्हणणाऱ्यांत मी नाही. मशीन फोडलं तर मरणार कोण? आपणच. ऑपरेशनआधीची जी यादी जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली काढली, तीत पेशंटला ऑक्सिमीटर लावलाय का, चालू आहे का, हा प्रश्न आहे. ती यादी करणाऱ्यांचा म्होरक्या अतुल गवांदे, ज्याचा बाप विदर्भातल्या उटी गावचा. गरीब देशांतल्या थिएटरांत ही क्लिप पोचावी म्हणून त्यानं पुढं संस्था काढली. कारण क्लिप नसलेल्या टेबलावर माणसं आणखी गुपचूप मरतात. क्लिप हवीच. पण साक्षीदार म्हणून हवी, न्यायाधीश म्हणून नको. आणि साक्षीदार कुणाच्या बाजूनं चुकतो हे माहीत असेल तर त्याची उलटतपासणी झाली पाहिजे.

उलटतपासणी कशी करायची तेही सांगतो, कारण हे मी रोज करू शकतो आणि त्या दिवशी केलं नाही. भूल द्यायच्या आधी, ऑक्सिजन लावायच्या आधी, साध्या हवेवरचा आकडा कागदावर लिहा. नंतर एकट्या आकड्यापेक्षा तो कुठून कुठं घसरला ते बघा. शंभर टक्के ऑक्सिजन चालू असताना शहाण्णव म्हणजे ओके नव्हे, तिथंच शंका यायला हवी. आयच्या वेळी ती मला यायला हवी होती. बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं कॅप्नोग्राफ सोबत ठेवा, त्याला कातडीचा रंग आडवा येत नाही. काळ्या माणसाची नखं बघून निळेपणा कळत नाही, ओठ उलटा, जीभ बघा, डोळ्याची पापणी खाली ओढा. सर्जन म्हणाला रक्त काळं, तर आकडा बाजूला ठेवून छाती ऐका, नळी तपासा. आणि शुद्धीवरचा पेशंट म्हणाला गुदमरतंय, तर तो खरं बोलतोय असं धरून पुढं चला. खोटं ठरवायचंच असेल तर धमनीतलं रक्त काढून खोटं ठरवा, त्याच्या कपड्यांकडे बघून नको.

सरकारला विचारायचं ते वेगळं. २०२१ च्या जुलैत सरकारनं ऑक्सिमीटरवरचा व्यापारी नफा ७० टक्क्यांवर बांधला. म्हणजे सरकारला नफा मोजता येतो. मग कातडीही मोजता येईल. मी ओटीत फोडलेल्या एकाही खोक्यावर हे मशीन कुठल्या रंगाच्या किती माणसांवर तपासलं हे छापलेलं मला दिसलं नाही. एमआरपी दिसली. सरकारी खरेदीच्या टेंडरमध्ये ही एक ओळ घाला, की आमच्या ऊसतोड्यांच्या, खुरपणाऱ्यांच्या, गटारात उतरणाऱ्यांच्या कातडीवर तपासलेला पुरावा दाखवा, मगच बिल निघेल. कंपन्या रांगेनं पुरावे आणतील. बिल अडलं की त्यांना सगळे रंग दिसतात. आणि तालुक्याच्या ठिकाणी जिथं भूल देऊन पोट उघडतात, तिथं एबीजीचं यंत्र पाहिजे. चैन म्हणून नव्हे, त्या क्लिपवर नजर ठेवायला.

आणि तुम्हाला, दोस्तांनो. तुम्ही पुण्या-मुंबईत शिकताय, नोकऱ्या करताय. गावाकडून आई-बाप ऑपरेशनला आले की तुम्हीच फॉर्मवर सही करता, तुम्हीच दारात उभे राहता. सही करायच्या आधी विचारा. साध्या हवेवर आकडा किती होता? कॅप्नोग्राफ आहे का? एबीजी कुठं होतं? विचारताना आवाज खाली ठेवू नका. 'तुम्हाला काय कळतं' म्हणतील. म्हणू द्या. मलाही कळत होतं आणि मी गप्प बसलो होतो.

मी आता रोज सकाळी क्लिप लावतो तेव्हा आधी माणसाचं बोट हातात धरतो. गार आहे का बघतो. गार असलं तर चोळून गरम करतो. नाव विचारतो. मग ओठ बघतो, मग मॉनिटर. आमचे एक सीनियर म्हणाले, ''काय रे, एवढा वेळ काय लावतोस?'' मी सांगितलं, ''सर, साक्षीदार तपासतोय.'' ते हसले. हसू द्या. गेल्या आठवड्यात मात्र त्यांनीच एका काळ्याकभिन्न हमालाच्या केसला, मॉनिटरवर ९५ असताना, आपणहून एबीजीची सुई मागितली.